कोहळ्याचा पासवर्ड

आमच्या हेडसरांना अख्खी शाळा पाठीमागे कोहळा म्हणायची. यात आमचा काही दोष नव्हता. टक्कल तेवढंच गोल, आणि कोहळ्यावर जशी पांढरी राख धरते तसा त्यावर दिवसभर खडूचा भुगा. माशी बसली की घसरून थेट शर्टाच्या खिशात पडायची. संध्याकाळी सर खिसा झटकायचे, तेव्हा गावातल्या कोंबड्या रांग लावून उभ्या असायच्या. सर मला हेला म्हणायचे, म्हणजे रेडा. ते मात्र तोंडावर.

मी सातवीत असताना पुण्याच्या दोन स्वयंसेवक ताई पाच लॅपटॉप मांडीवर सांभाळत आमगाव स्टेशनावरून ऑटोनं आल्या आणि आठवडाभर आम्हाला शिकवत राहिल्या. आम्ही बटणं इतक्या जोरात दाबायचो, की पलीकडच्या राइस मिलचा मालक आपली मशीन बिघडली समजून धावत आला. जाताना लॅपटॉप शाळेला देऊन त्यातली एक ताई म्हणाली, "आता पासवर्ड ठेवा. तुम्ही कधी विसरणार नाही आणि बाहेरच्या कुणाला सुचणार नाही, असा शब्द."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाचही लॅपटॉपवर एकच शब्द बसला. ताईला वाटलं, शेतकऱ्यांची मुलं, भाजीची आवड असेल.

पुढे तालुक्याचे साहेब तपासणीला आले. वर्गात शिरताच म्हणाले, "वापर होत नसन तर लॅपटॉप सडक अर्जुनीकडच्या शाळेले देतो. ते कधीचे मागून राहिले."

मी उघडून दाखवायला धावलो, तर साहेबांनी अडवलं. "तू नाही. सरले उघडू दे. पाहू, शिकले का."

सर लॅपटॉपपुढे बसले. "काऊन रे हेल्या, शब्द काय ठेवला?"

मागच्या बाकावरचं कुणीतरी बाकाखाली शिरलं.

"एकेक अक्षर सांगतो जी," मी म्हणालो. "के."

सरांचं बोट के शोधायला निघालं. ते पोचेपर्यंत धानाची एक बांधी, म्हणजे अख्खं खाचर, रोवून झाली असती. "ओ. एच." देवाची कृपा, पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते काळे ठिपके उमटत होते. "ए. एल. ए."

लॅपटॉप उघडला. पण साहेब पडले आमच्याच भागातले, आणि मघापासून त्यांचे ओठ हलत होते.

"कोहळा? कोहळाच कायले ठेवला रे?"

भिंतीवरची पालसुद्धा थांबली.

"वर्षभर टिकते जी," मी म्हणालो. "अन् डोळ्यापुढंच राहते."

साहेबांनी सरांच्या डोक्याकडे पाहिलं, मग घाईनं खिडकीबाहेर. त्यांचे खांदे हलू लागले. लॅपटॉप इथंच राहू द्या म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांचं हसणं गोंदियापर्यंत ऐकू गेलं, आणि तिथल्या लोकांना वाटलं मालगाडी आली.

सरांनी मला हात लावला नाही. रुमालानं टक्कल पुसलं फक्त. भुगा गेला, गोलाई तशीच.

दुसऱ्या दिवशी पाचांतला एकही लॅपटॉप उघडेना. सरांनी पासवर्ड बदलला होता.

"काय ठेवला जी?"

"तुह्या ताईनं सांगतलं तसाच. मी कधी विसरणार नाही असा." सर फळ्याकडे वळले. "बस आता ठोकत."

आम्ही सरांचं गाव लावून पाहिलं, बायकोचं नाव लावलं, त्यांच्या म्हशीचंही लावलं. दुपारची खिचडी आली तरी उघडेना. मग कुणी पाहत नाही असं बघून मीच हळूच चार बटणं दाबली. एच, ई, एल, ए.

उघडला.

फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांचे खांदे आता साहेबांसारखेच हलत होते.