आमच्या आईचं पेडल, त्यांचं 'डिझाइन'

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

आईचे हात थरथरतात, म्हणून यूएसबी उपकरणांसाठी मोफत मिळणारा तयार कोड वापरून मी पायाने संगणकावरची पानं उलटणारं पेडल बनवलं. कोड सगळ्यांना खुला ठेवला. खुशाल विका, फक्त मूळ कुणाचं ते सांगा आणि तुमचा कोडही खुला ठेवा, एवढीच अट.

आज इथल्या सॉल्ट लेक भागातल्या तंत्रज्ञान प्रदर्शनात एका कंपनीच्या स्टॉलवर तस्संच पेडल! "पूरा अपना डिझाइन है, सर," विक्रेता म्हणाला. कोड मागितला तर म्हणे, "वो कंपनी का सीक्रेट है."

त्याने पेडल लॅपटॉपला जोडलं. स्क्रीनवर उपकरणाचं नाव आलं, 'सुमनआई'. मीच कोडमध्ये घातलेलं, माझ्या आईचं नाव. चोरांनी तेवढंही बदललं नव्हतं!

"ये सुमनआई कौन है?"

"ब्रँड होगा, सर."

तुम्हीच सांगा, माझी आई यांच्या कंपनीचं सीक्रेट कधीपासून झाली?