पृथ्वीची शेपटी आणि चुंबकाचा पट्टा

पौर्णिमेच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या शेपटीतून जातो, हे वाक्य मी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये बोलले. त्याच वाक्याच्या जोरावर एका माणसाने माझ्या शेजारणीला गोळ्या सोडायला लावल्या. हे लिहिताना अजूनही दात आवळले जातात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दादरची भाड्याची खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीत राहायला आलो होतो. मी जवळच्याच शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. विज्ञान दिनाला पालकांसमोर काहीतरी बोला, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेव्हा मी सूर्यवारा हा विषय घेतला. मला स्वतःला तो फार आवडायचा.

एका रबरी चेंडूवर सगळीकडून लोकरीचे धागे चिकटवले आणि समोर टेबल फॅन लावला. पंख्याकडचे धागे चेंडूला चिकटून चपटे झाले, मागचे लांबच लांब होऊन फडफडायला लागले. मी म्हटलं, "सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत सुटलेला असतो. पृथ्वीभोवती तिच्या चुंबकत्वाचं कवच आहे. सूर्याकडच्या बाजूला हा वारा ते दाबून धरतो आणि रात्रीच्या बाजूला ओढत ओढत चंद्राच्याही पलीकडे नेतो. ती झाली पृथ्वीची चुंबकीय शेपटी." ती कधीकधी इतकी ताणली जाते की मध्येच तुटते, पलीकडचा तुकडा वाऱ्याबरोबर निघून जातो, अलीकडचा भाग झटक्याने मागे येतो आणि ध्रुवांजवळच्या आकाशात हिरवा उजेड हलायला लागतो, हेही सांगितलं. आणि मग ते पौर्णिमेचं.

एका आजोबांनी विचारलं, "पण बाई, यात आपल्याला काही होतं का?"

"काही नाही. फार तर होकायंत्राची सुई किंचित हलते. माणसाच्या शरीराला काहीही होत नाही."

हे उत्तर पहिल्या रांगेत बसलेल्या एका पालकानेही ऐकलं. सफारी सूट, केसांना तेल, बोलायला अतिशय गोड. सिल्व्हर पार्क वसाहतीत त्याचं चुंबक-उपचाराचं केंद्र होतं. चुंबकाचा पट्टा, चुंबकाची माळ, चुंबकावर ठेवलेलं पाणी. कार्यक्रम संपल्यावर तो मला येऊन भेटला, हात जोडून म्हणाला, "मॅडम, फार सोपं करून सांगितलंत. असं कुणी सांगत नाही." मला बरं वाटलं होतं. मी त्याला धन्यवादसुद्धा दिले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वहिनी राहायची. रत्नागिरीकडची, पंचविशीची, हसरी. लहानपणापासून तिला आकडी यायची, पण सकाळ-रात्र गोळी घेतली की महिनोन्महिने काही व्हायचं नाही. सासूला मात्र वाटायचं की हे सगळं पौर्णिमा-अमावस्येचं आहे. नवरा चांगला माणूस, कापडाच्या दुकानात कामाला, पण कुणी ठामपणे बोललं की लगेच मान डोलावणारा. रविवारी तो बायकोला सिल्व्हर पार्कच्या केंद्रात घेऊन जातो, हे मला माहीतच नव्हतं.

एका दुपारी शाळेतून आले तर जिन्यात माणसं उभी. वहिनी दूध तापवताना स्टोव्हजवळ कोसळली होती. उकळतं दूध उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. आकडी थांबतच नव्हती. एक आली की तिच्या मागे दुसरी. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी तिला इंजेक्शन दिलं आणि मग दुकानातून धावत आलेल्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?"

तो बायकोच्या पायांवरची चादर सारखी करायला लागला.

"अहो, विचारतोय मी. अशा गोळ्या एकदम बंद केल्यावर हेच होतं. बाई मेली असती."

तेव्हा त्याने माझ्याकडे बोट केलं. "ते सेंटरवाले म्हणाले, पौर्णिमेला चंद्र त्या शेपटीत शिरतो, तेव्हा मेंदूचं चुंबक बिघडतं. पट्टा बांधला की गोळीची गरज नाही. म्हणाले, शाळेच्या मॅडमनीच सांगितलंय. तुम्हीच सांगितलंत ना?"

मला अपराधी वाटलं असेल असं पुष्कळांना वाटतं. नाही वाटलं. डोकं फिरलं माझं. चंद्राच्या पलीकडे पसरलेली एवढी प्रचंड गोष्ट, आणि या माणसाने ती पट्ट्यात शिवून विकली.

पुढच्या रविवारी मी सिल्व्हर पार्कला गेले. हॉल भरलेला. मराठी, गुजराती, हिंदी, सगळी घरं. तो माइकवर सांगत होता, "रात को सूरज की हवा हमारा चुंबक खींच लेती है." मी उठून पुढे गेले, टेबलावरचा पट्टा उचलला आणि पदराची टाचणी काढून समोर धरली.

"चार बोटांच्या अंतरावरून ही टाचणी ओढून दाखवा. या पट्ट्याला एवढंही जमत नाही, आणि हा मेंदू सांभाळणार?"

तो हसला. "मॅडम, बसा ना. हे शरीराचं शास्त्र आहे, तुमचं आकाशाचं."

"मग माझं आकाश तुमच्या तोंडात कशाला? त्या हॉलमध्ये मी म्हटलं होतं की माणसाला काही होत नाही. ते तुम्ही ऐकलंत. तेवढंच बरं गाळलंत!"

"मॅडम, बैठ जाओ ना," मागून कुणीतरी ओरडलं. "हमारे घुटने ठीक हुए हैं." बाकीचे हसले.

मी गोळ्यांचं सांगितलं, वहिनीच्या हाताचं सांगितलं. त्याचा आवाज तसाच मऊ राहिला. "गोळ्या बंद करा असं मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. हो, तो त्या रविवारीही गेला होता. त्याने नजर खाली वळवली. आणि त्याच्या शेजारून, हाताला बँडेज बांधलेली वहिनी उठली. चार पुरुषांसमोर तिला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"सांगितलं होतंत," ती म्हणाली. "माझ्यासमोर. गोळी विष असते म्हणालात. मी विचारलं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, नक्की."

सगळा हॉल तिच्याकडे वळला. ज्याचे गुडघे बरे झाले होते तोही. एक म्हातारी आपला पट्टा सोडायला लागली. त्या माणसाने सभा आवरती घेतली.

एखाद्या गोष्टीत इथे न्याय झाला असता. मी पोलीस चौकीत गेले तर हवालदार म्हणाले, "मॅडम, लिहून दिलंय का त्याने काही? मग केस कसली?" महिन्याभरात केंद्र बंद झालं आणि नालासोपाऱ्याला नव्या नावाने सुरू झालं. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "पुढच्या वर्षी ते सूर्य-बिर्य नको. लोकांना कळत नाही, भलताच अर्थ काढतात. पाणी उकळून प्या, असं काहीतरी सांगा."

"लोकांना कळलं होतं सर. प्रश्न विचारला होता त्यांनी. ज्याला कळून खोटं बोलायचं होतं, तो तुमच्याशेजारी पहिल्या रांगेत बसला होता."

पुढच्या वर्षी विज्ञान दिनाला त्यांनी दुसऱ्या शिक्षकांना बोलावलं. मी त्या दिवशी रजा टाकली.

वहिनीचा हात कोपरात पुरता सरळ झाला नाही. गोळ्यांचा डबा तिने सासूच्या कपाटातून काढला आणि स्वतःच्या उशाशी ठेवला. दर महिन्याला ती एकटीच दवाखान्यात जायला लागली. नवरा म्हणायचा, येतो बरोबर. ती म्हणायची, "नको. डॉक्टर काय म्हणतात ते माझं मी ऐकेन."