साडूंची तूर

आमच्या साडूंइतका खोटेपणाला बिचकणारा माणूस बिदर ते कलबुर्गी या पट्ट्यात दुसरा नसेल. ते तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. संशोधनाची नियतकालिकं लेखकांसाठी ज्या सूचना छापतात, त्या बाकीचे लोक निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी चाळतात. साडू त्यांवर संसार करतात. आपले हितसंबंध आधी जाहीर करावेत, ही सूचना तर त्यांच्या अंगात मुरली आहे. एकदा स्थळ सुचवताना ते मुलीच्या वडिलांना म्हणाले, "मुलगा माझा सख्खा पुतण्या आहे. माझं मत अर्धंच धरा." लग्न जमलं, ते या वाक्यामुळेच. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालू नये, म्हणून घरी कुणी हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, तारीफ केली की ते लगेच सांगतात, "गहू मी निवडले. बाकी सगळं हिचं."

हळ्ळीखेडला शरणप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्यांनी तुरीचे दोन तुकडे पेरले होते. एकात पिकाला नत्र पुरवणारे जिवाणू चोळलेलं बियाणं, दुसऱ्यात साधं. बाकी सगळं सारखं. चोळलेली तूर अशी माजली की निबंध छापून आला आणि त्याच्या जोरावर बढती जवळजवळ हातात आली. मग येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे त्याच रानात भज्जी-आंबील जेवायला बसलो. शरणप्पा खुशीत म्हणाले, "सर, तुमच्या चोळलेल्या तुकड्यात म्या गुपचिप शेणखत टाकलं व्हतं."

साडूंचा घास हातातच राहिला. "कामून, अप्पा?"

"तुमी आमच्या रानात यायलाव. तुमची तूर हडकली तर गाव मला हसंल न्हाई का?"

साडूंनी त्यांना आंबील वाढली, सांगितल्याबद्दल आभार मानले, आणि घरी येताच निबंध मागे घेतो म्हणून संपादकांना लिहायला बसले. मेहुणी म्हणाली, "बढती झाल्यावर कळवा की. कुणाला कळायलंय?"

"चूक लेखकाला कळली की लेखकानंच कळवायची, असं सूचनांत आहे. मला कळली."

बढती गेली. यंदा त्यांनी पुन्हा पेरलं, पण कुठला तुकडा कसला हे शरणप्पांना सांगितलं नाही. शरणप्पा हिरमुसले. "मग खत कुठं टाकू?"

"दोन्हींत टाका, अप्पा. सारखं."

साडूंच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली आहेत. हे पीक त्यांना बढतीपर्यंत नेईल असं वाटत नाही. तरी संध्याकाळी बांधावर उभे राहून ते दोन्ही तुकड्यांकडे सारख्याच मायेनं बघतात. ते माझे साडू आहेत, तेव्हा यातलं चार आणे कौतुक वजा करून वाचा. मी करून पाहिलं. उरतं तेही पुष्कळ आहे.