फ्रिजची पाठ

वाशिमच्या ज्या घरात मी लग्न होऊन गेले, त्या घरात छताला पंखा नव्हता, पण स्वयंपाकाच्या खोलीत फ्रिज होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं, तरी आमच्या वस्तीत दुसऱ्या कुणाकडे फ्रिज नव्हता. मला ते पहिल्याच दिवशी खटकलं. मेडशीला माझ्या माहेरी सगळे संशयी. वडील कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मी त्यांचीच मुलगी. ज्या घरात वारा नाही त्या घरात बर्फ कशाला, हे मला कळेना.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई, तहसील कचेरीत कारकून असलेला माझा नवरा आणि मी. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "नागपूरच्या मामानं देला. त्याच्याकडं जुना झाला होता."

दिला असेल. पण मामाने कुलूप तर दिलं नव्हतं. फ्रिजच्या दाराला कडी ठोकून घेतली होती, कडीला पितळी कुलूप होतं आणि चावी सासूबाईंच्या कमरेला. मला दही लागलं तरी त्या स्वतः उठायच्या, पाठीने फ्रिज झाकायच्या, दार वीतभर उघडायच्या आणि वाटी माझ्या हातात द्यायच्या. मी वाकून बघायला लागले की म्हणायच्या, "दार उघडं ठेवलं का थंडाई पळते." पळत असेल, पण त्यांची नजर थंडाईवर नसायची, माझ्यावर असायची.

फ्रिजची सेवा तर अशी की सुनेची कुणी करणार नाही. आत बर्फाचा थर साठला की त्या मला बाहेर काढून दार लावून घ्यायच्या आणि एकट्याच तो खरवडायच्या. गरम भांडं जवळ आणायचं नाही. दिवा मंद झाला की धावत जाऊन बटण बंद करायच्या, "होल्टेज उतरलं," म्हणत. वीज गेली की सगळ्या फ्रिजला ओलं पोतं गुंडाळायच्या. आणि रोज सकाळी, नवरा जेवून कचेरीत जायच्या आधी, आणि संध्याकाळी तो परतला की पुन्हा, मला नळावर पिटाळायच्या. मी परत येईपर्यंत कुलूप लागलेलं असायचं आणि चुलीजवळ एक झाकणाचं लहान भांडं धुऊन पालथं घातलेलं असायचं.

एकदा नळाला पाणीच आलं नव्हतं, म्हणून मी लगेच परतले. सासूबाई न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांत धरून आतल्या खोलीत चालल्या होत्या. नवरा आत होता. दार लागलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देव!

आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. वडिलांनी देव्हाऱ्यातले सगळे देव नदीत सोडले आणि पुन्हा त्या काठाला वळूनही बघितलं नाही. पण काही घरांनी देव नदीत सोडले असं नुसतं सांगितलं आणि पेटीच्या तळाशी दडवले, अशी कुजबुज बायकांत चालायची. ही बाई त्यातलीच, माझी खात्री झाली. न्हाऊन, पदर घेऊन, फडक्यात गुंडाळून दुसरं काय नेतात? वडिलांना कळलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी परत नेलं असतं. मला स्वतःला देवांचं एवढं काही नव्हतं. राग याचा होता की या घराने मला खोटं सांगून आणलं.

लग्नाला दोन महिने झाले आणि वैशाख तापला. दुपारी मी फ्रिजच्या मागच्या बाजूला अंग टाकायची, तिथली फरशी जरा बरी होती. पण फ्रिजच्या पाठीला लोखंडी जाळी होती आणि ती तव्यासारखी तापायची. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आतली थंडाई तुमची अन् गरमी माह्या डोक्यावर काहून?" दुसऱ्या दिवशी जाळीवर जाड गोधडी टाकलेली दिसली. माझ्यासाठी त्यांनी केलेलं ते पहिलं काम, आणि मला त्यातही डाव दिसला.

मग इंझोरीला त्यांच्या बहिणीकडे मयत झाली. सासूबाई निघाल्या तेव्हा चावी कमरेची काढून त्यांनी मुलाच्या हातात दिली. मी समोर उभी होते. नवरा चावी खिशात घालून कचेरीत गेला.

दुपारी मी गोधडीला टेकले आणि दचकले. पाठीला काहीच लागलं नाही. गोधडी काढून जाळीवर हात ठेवला, तर ती भिंतीइतकीच कोमट. घरघरही नाही. बटण दाबून बघितलं, दिवा लागत होता. म्हणजे वीज होती, फ्रिजच बंद पडला होता. पाठ थंड म्हणजे पोट गरम, एवढं मला दोन महिन्यांत कळलं होतं.

आत देव असतील तर त्यांचं काय नासणार आहे? ते काही दूध नव्हेत. पण कुलूप फोडायला मला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नव्हतं. मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि तिसऱ्या घावाला कडी निखळली.

आत दह्याची वाटी होती, लिंबं होती आणि खाली भाजीच्या जागी कागदी खोका. खोक्यात रबरी बुचाच्या काचेच्या कुप्या. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी कामाला आलं. एकेक अक्षर जोडत वाचलं: इन्शुलिन.

शब्द मला माहीत होता. आमच्या शाळेतल्या बाईंचे यजमान साखरेच्या दुखण्याने गेले होते. बाई कपाळ मोकळं घेऊन शाळेत यायच्या तेव्हा हाच शब्द आम्ही ऐकला होता, की ते वेळेवर मिळालं नाही. लग्नाच्या पंगतीत नवऱ्याने बुंदी ताटाबाहेर ठेवली होती, "मले गोड आवडत नाही" म्हणून. ते लहान भांडं सुई उकळायचं होतं. मी तिथेच बसले. देव असते तर किती बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

पण कुप्या कोमट व्हायला लागल्या होत्या. त्या एका पेल्यात घातल्या, पेला माठातल्या पाण्यात नीट उभा केला, माठाला ओलं फडकं गुंडाळलं. मग माझी लोखंडी पेटी ओढली आणि साड्या भरल्या.

संध्याकाळी नवरा आला. त्याने आधी तुटलेली कडी बघितली, मग पेटी, मग मला. "कुप्या?" एवढंच विचारलं.

"माठात हायत. मले काहून नाही सांगतलं?"

"आईनं नको म्हटलं होतं."

"लग्न आईनं केलं का तुमी?"

त्या संध्याकाळी त्याने सुई माझ्यासमोर टोचून घेतली. औषध गरमीने मेलं की जिवंत आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्याच्या तोंडाकडे बघत मी बसून राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतका रागही. असा माणूस टाकून मेडशीची एसटी कशी पकडायची? सकाळी तो अकोल्याला जाऊन नव्या कुप्या घेऊन आला. पेटी मी रिकामी केली नाही.

सासूबाई इंझोरीहून आल्या. दारातच मुलाने सगळं सांगितलं, तशा सरळ माठात हात घालून कुप्या बघायला गेल्या. मग माझ्यासमोर बसल्या. "आधी सांगतलं असतं तं तू आली असती का?"

"मले विचारलंच कुठं होतं?" मी म्हटलं. "मले वाटलं, तुमी देव लपवून ठेवले."

कुलूप फोडल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "माह्या हातानं सोडले म्या नदीत," त्या म्हणाल्या. "अन् त्याच्यानंतर पोरगा असा दुखण्यात पडला. लोक म्हणे, देव कोपले. तरी म्या एक देव घरात आणला नाही. अन् तू असं म्हणतं."

मी उठून माठाचं फडकं पुन्हा ओलं केलं.

फ्रिज दुरुस्त करायला बाजारपेठेतला एक मिस्त्री आला. त्याने गोधडी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाला, "ये कायले टाकली? मशीनचा दम घुटला ना. गरमी बाहेर नाही जाईन तं थंडी कुठून येईन?" मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. गोधडी कुणामुळे आली हे दोघींनाही ठाऊक होतं. त्याने जळालेला एक भाग बदलला, फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि जाळीवरची धूळ झाडत जा म्हणून सांगितलं.

कडी पुन्हा बसवली नाही. तरी सासूबाई चावी कमरेला लावूनच फिरायच्या, कुलूप नसलेली चावी. माझी पेटी खाटेखाली भरलेली होती आणि तिला कुलूप होतं. त्या येता-जाता पेटीकडे बघायच्या आणि मी त्यांच्या चावीकडे. पावसाळा असाच गेला.

थंडीत आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलायला फ्रिजच्या मागे बसायला लागलो. उन्हाळ्यात नकोशी झालेली ती गरमी आता पाठीला बरी लागायची. जाळी झाडायचं काम माझं होतं, आणि मी झाडली की सासूबाई मागून बोट फिरवून बघायच्या.

एक दिवस शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "तुह्या पेटीत काय हाय व?"

"देव," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्यांनी हात मागे नेला, जाळीवर ठेवला, बराच वेळ ठेवला.

"गरम हाय," त्या म्हणाल्या, आणि कमरेची चावी सोडून माझ्या सुपात टाकली.

संध्याकाळी मी पेटी उघडली आणि साड्या दांडीवर टाकल्या.