काट्यांच्या अलीकडे

चांद्याच्या बाजारगल्लीत लक्ष्मणभाऊ पेंटर पाटी रंगवून झाली की ती भिंतीला टेकवत, जळाऊ लाकडांची मोळी डोक्यावर घेत आणि पाटीपुढून दोनदा चालत जात. मान वळवायची नाही, नजर पायांपुढच्या जमिनीवर. तेवढ्यात पाटीवरचे जे डोळ्यात भरेल ते ठेवायचे, बाकीचे पुसायचे. समोरचा पानवाला हटकून विचारी, "काय पेंटर, मोळी कितीले देल्ली?" भाऊ न थांबता म्हणत, "इकाची नाई बाप्पा, पाहाची हाये."

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि मी तिथल्या विज्ञान महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. वनस्पतिशास्त्राचे तक्ते स्वतः आखून छापवून घ्यायचे, असे मी ठरवून टाकले होते. अक्षर आणि रंग हाताखाली यावेत म्हणून दिवाळीच्या सुट्टीत चांद्याला मामांकडे राहून मी भाऊंच्या दुकानात उमेदवारी करीत होते. भाऊ शिकवत कमी, अडवत जास्त. "पाटी वाचाले नसते बाई," ते म्हणत, "चालत्या मानसाले थांबवाले असते. आपल्याले वाचता येते ना, थेच आपलं आंधळेपन."

घुग्घुसच्या बाजूला एका बंद खाणीत कोळसा आतल्या आत जळत होता. वरची जमीन पोकळ होत चालली होती. पहाटे साऱ्या रानावर दव पडे. खालच्या धगीने तेवढा एक पट्टा कोरडा राही. त्याच्या कडेने आठवडी बाजाराची पायवाट जात असे. खाणीच्या मुकादमाने धोक्याची पाटी मागितली, तेव्हा आराखडा मी केला : लाल रंगावर पांढरी कवटी, प्रयोगशाळेतल्या विषाच्या बाटलीवर असते तशी. रंग, अंतर, उंची, सगळ्याची कारणे माझ्या वहीत होती. भाऊंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"दुरून दिसन, हे खरं. पन दिसल्यावर मानूस काय करन, थे हाये का वहीत?"

"पळेल, भाऊ."

"मी मोळी घेऊन तिथी जाऊन पाहातो पैले. तवपर्यंत देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी त्यांना ताप भरला. मुकादम घाई करीत होता, आणि ती माझी पहिली पाटी होती. मी ती दिली. धोका जिथे, खूणही तिथेच असावी, म्हणून पट्ट्याच्या मध्यावर रोवायलाही मीच सांगितले.

दहा दिवसांनी, भाऊंचा ताप उतरल्यावर, बाजाराच्या दुपारी आम्ही दोघे तिथे पोचलो. पाटीच्या पायथ्याशी गुडघाभर उंच दगडांचा ढीग होता. आमच्या डोळ्यांदेखत एक म्हातारी पायवाट सोडून पट्ट्यावर गेली, ढिगावर दगड ठेवला, हात जोडले आणि परत आली.

"काऊन वं बाई, गोटा कशाले?" भाऊंनी विचारले.

"वाघानं मानूस नेला तं तिथी गोटा टाकाच लागते ना, भाऊ. इथी तं डोस्कंच मांडून ठेवलं."

"पन कोन मेलं?"

"कोनी का असंना. तसंच जावं का?"

मी वही उघडलीसुद्धा नाही. ढिगाभोवती जमिनीला केसाएवढी भेग गेली होती आणि तिच्यातून विरळ धूर येत होता.

"भाऊ, खाणीची माणसं येऊ द्या."

"बजार सुटला बाई. आता बाया येतीन, एकेक गोटा घेऊन." बांबूने जमीन ठोकत ते ढिगापर्यंत गेले, पाटी उपटली आणि माझ्याकडे भिरकावली. पाटी माझ्या पायाशी पडली, तेव्हाच ढीग आवाज न करता खाली गेला. भाऊ कमरेपर्यंत. बाजारातून परतणाऱ्या बायांनी लुगड्यांना गाठी मारून त्यांना बाहेर ओढले. पाय भाजले होते.

चांद्याच्या दवाखान्यात त्यांनी एवढेच विचारले, "कवटी पुसली का?"

"पुसली. तिच्या जागी काय काढू, भाऊ?"

"काईच नाई. बोराटीच्या काट्या टाका पट्ट्याच्या कडेले. पाय आपोआप फिरतीन."

आठव्या दिवशी ते गेले.

मी बोराटीच्या फांद्या तोडून पट्ट्याच्या कडेला आडव्या टाकल्या. मग मोळी डोक्यावर घेऊन दोनदा चालून पाहिले. पाय थांबत होते. पण आता खरोखरच एक माणूस गेला होता, आणि जिथे तो जमिनीत खचला तिथे दगड ठेवायला लोक काटे बाजूला सारून जाणार, हेही उघड होते. म्हणून पुढच्या बाजाराआधी पहिला दगड मी ठेवला, काट्यांच्या अलीकडे, पायवाटेला लागून.

दुपारी पहिली बाई आली, डोक्यावर भारा. मान वर केली नाही. दगडाशी तिचा पाय थांबला. वाकून तिने आपला दगड माझ्या दगडावर ठेवला आणि वाटेने पुढे गेली.