वेलांटीबाईंनी छापलेलं भाऊजींचं पत्रक

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत, तेही तोंडावर. गिऱ्हाइकांनी आणलेल्या फायली छपाईजोग्या करणं हे तिचं काम. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची, वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडायची. बाई अक्षरं पडदाभर मोठी करून एकेक तपासायची आणि फाइल आणणाऱ्याचा यथासांग उद्धार करायची.

तिचा धाकटा दीर दातांचा डॉक्टर. नव्या दवाखान्याचं पत्रक त्याने घरीच बनवून आणलं. मजकूर फोटोतच मिसळून टाकलेला, अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.

"भाऊजी, ही अक्षरं आता बदलता येत नाहीत."

"स्क्रीनवर तर छान दिसतंय, वहिनी."

"घरोघरी स्क्रीन वाटणार आहात का?"

तिने सगळा मजकूर वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर चढवलेल्या पारदर्शक थरावर, नव्याने टाइप केला. मग दिराचे फोन सुरू झाले. निळा जरा हसरा कर, दात अजून पांढरे कर. बाईचं डोकं फिरलं. 'दुखू न देता दात काढू' या ओळीवर तिने दुसरा लेयर चढवला आणि त्याच फॉन्टात लिहिलं, 'दात काढू, दुखलं तर तुमचं तुम्ही बघा'. एकटीच पोटभर हसली आणि एक लेयर लपवला.

चुकून लपवला तो खरा मजकूर.

नंतर नेहमीसारखी तपासणी झाली. वेलांट्या जागच्या जागी होत्या. मशीनवर फॉन्ट नसला तरी अडू नये म्हणून तिने अक्षरांची नुसती चित्रं करून टाकली आणि फाइल छपाईला पाठवली.

पत्रकं वाटून झाल्यावर सासूबाई कपाटात उरलेली पत्रकं अंथरत बसल्या होत्या. "अगं, हे तू लिहिलंस?"

बाईने पत्रक ओढून घेऊन वाचलं: 'दुखलं तर तुमचं तुम्ही बघा'.

"खरंच आहे म्हणा," सासूबाई म्हणाल्या. "माझी दाढ काढली तेव्हा मेला गाणी ऐकत होता."

तिने दिराला फोन करून सगळं सांगितलं. त्याने पत्रक काढून वाचलं. मग म्हणाला, "पण कुणीच काही बोललं नाही. पत्रक घेऊनच येतात लोक."

"आणि तुम्ही?"

"मी दातच बघितले, वहिनी."

सुटकेचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत तिचं टाळकं सडकलं. एवढ्या वेलांट्या जपल्या, त्या कपाटात अंथरायला?

दुसऱ्या दिवशी दीर छापखान्यात हजर झाला. "नवं छापू. या वेळी नुसते दात टाक. मजकूर नकोच."

"पत्ता काय दातांवर कोरू?"

तिने खुर्ची पुढे सरकवली, सगळा मजकूर पडद्यावर मोठा केला आणि दिराला पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायला बसवलं. शेजारच्या टेबलांवरची कामं थांबली. डॉक्टरसाहेब 'जबडा' या शब्दापाशी अडखळले.

"पुन्हा," बाई म्हणाली.