व्हर्लिनचा एक इंच

आमच्या समोर राहणाऱ्या व्हर्लिन सेडलाचेकने एकोणऐंशी वर्षांत कुणाला तोंडावर "नाही" म्हटलेलं नाही. नेब्रास्कातल्या आमच्या गावात ही रीतच, पण व्हर्लिन त्यातही वरचढ. जळका केक खाऊन म्हणतो, "वेगळाच झालाय हं!"

त्याचा एक्कावन्न सालचा हिरवा पिकअप आहे. मागच्या वर्षी चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत त्याने चर्चसमोर असा हिसका दिला, की मागे गवताच्या गठ्ठ्यावर बसलेली त्याची बायको आर्लिस पाय वर करून आडवी झाली. यंदा लग्नाला पन्नास वर्षं होत होती. तिने बजावलं, "मी पुढे, तुझ्याशेजारी बसेन. पण एक गचका बसला ना, तर उतरून डेलच्या ट्रॅक्टरवर जाईन."

डेल शेजारचाच. शाळेत असताना आर्लिसला नाचायला त्यानेच नेलं होतं, हे गाव विसरलेलं नाही.

व्हर्लिनने हिवाळ्यात नवी क्लचप्लेट बसवली. गाडी लोण्यासारखी चालू लागली आणि जूनच्या शेवटी अचानक गिअर करकरायला लागले. मग तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. क्लचचा पेडल पहिला इंचभर सैल दबावा लागतो. तो इंच ठेवला की गिअर करकरे. काढून टाकला की क्लच घसरे, इंजिन बोंबले आणि गाडी चढावर जागची हलेना. नट कस, नट सैल कर, असे तीन दिवस गेले.

डेल रोज येई, खिशात हात घालून उभा राही.

"कसं चाललंय?"

"वाईट नाही," गाडीखालून उत्तर.

तिसऱ्या दिवशी डेलने गाडीत डोकावून पाहिलं, घसा खाकरला, "पाऊस येईलसं दिसतंय," म्हणाला आणि निघून गेला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

मी 'कोलाची' म्हणतात त्या जर्दाळू घातलेल्या गोड पावांची परडी घेऊन गेले, तेव्हा आर्लिस गाडीत चढत होती. बाराव्या वर्षापासून धान्याचे ट्रक चालवलेली बाई ती. तिने पेडल दाबला. अर्ध्यावरच अडला. तिने खाली पाहिलं.

पेडलखाली तिनेच जूनमध्ये गाडीसाठी विणलेली चिंध्यांची सतरंजी होती. पन्नास वर्षांचे जुने शर्ट, परकर, पडदे. दोन इंच जाड.

"व्हर्लिन, पेडल खालपर्यंत जातच नाहीये."

"हो का?"

"तुला ठाऊक होतं?"

गाडीखालून बारीक आवाज आला, "रंग फार छान जमलेत."

"अरे मेल्या, तीन दिवस उन्हात लोळलास, आणि दोन शब्द बोलवले नाहीत?"

"वीण पण घट्ट आहे."

तिने सतरंजी ओढून काढली. हसत होती की चिडली होती, मला कळेना. व्हर्लिनने शेवटचा नट फिरवला. इंच मिळाला, गिअर गुपचूप पडले.

मिरवणुकीत ती सतरंजी सीटवर होती आणि तिच्यावर आर्लिस, टोपी छताला टेकलेली. चर्चचा चढ गाडी साय सरकावी तशी चढली. मागून ट्रॅक्टरवरून डेल ओरडला, "आर्लिस, इकडे जागा आहे गं!"

तिने तोंड उघडायच्या आत व्हर्लिन खिडकीतून गरजला, "नाही!"

बँड वाजवणारेसुद्धा क्षणभर थांबले. व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे... ट्रॅक्टर छानच आहे तुझा," तो घाईघाईने म्हणाला.